डिझेल नावाचा माणूस

मेसमध्ये आमचा एक वाद कायम चालू असतो. गाडीची पॉवर वाढवायची तर आधी काय करायचं? कोणी म्हणतं एअर फिल्टर आणि सायलेन्सर बदल, कोणी म्हणतं ईसीयू रिमॅप कर, आणि एकजण तर टर्बोच्या खाली उतरतच नाही. (मी कॉन्व्हेंटमधली, शुद्धलेखन सांभाळून घ्या!)

त्यात मागच्या सेमला मला डेंग्यू झाला आणि थर्मोचा पेपर बुडाला. घरी पडल्या पडल्या रुडॉल्फ डिझेलबद्दल वाचलं. हो, पंपावर लिहिलेलं असतं तेच डिझेल!

रुडॉल्फचा जन्म १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन. १८७० मध्ये फ्रान्स आणि जर्मनीचं युद्ध पेटलं, तेव्हा कुटुंबाला लंडन गाठावं लागलं. तिथून बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिकायला ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे धाडलं. पुढे म्युनिकला इंजिनिअरिंग. १८७९ मध्ये ऐन फायनलला त्याला टायफॉइड झाला आणि परीक्षा हुकली. १८८० च्या जानेवारीत तो परत बसला आणि अव्वल मार्कांनी पास झाला. हे वाचून मला किती धीर आला म्हणून सांगू!

त्याचे प्रोफेसर होते रेफ्रिजरेशनवाले लिंडे. त्यांच्या लेक्चरमध्ये त्याला कळलं, की वाफेचं इंजिन कोळशातली जेमतेम दहा टक्के उष्णता कामाला लावतं. हा हिशोब त्याच्या डोक्यातून गेलाच नाही.

कॉम्प्रेशन वाढवलं की एफिशियन्सी वाढते. पण पेट्रोल इंजिनात हवेबरोबर पेट्रोलही दाबलं जातं, त्यामुळे जास्त दाबलं की नॉकिंग सुरू. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणाऱ्यांना हे ठाऊक असेल. डिझेलने नुसती हवाच दाबली. ती इतकी तापते की इंधन आत सोडताच पेटतं. स्पार्क प्लगची गरजच नाही.

१८९३ च्या पहिल्या चाचणीत प्रेशर मोजायचा इंडिकेटरच फुटला. १८९४ मध्ये इंजिन स्वतःच्या ताकदीवर जेमतेम मिनिटभर चाललं. १८९७ मध्ये मात्र सुमारे २० हॉर्सपॉवरच्या इंजिनाने २६.२ टक्के एफिशियन्सी दिली.

लायसन्स विकून तो श्रीमंत झाला. पण सुरुवातीची इंजिनं बिघडत, तक्रारी येत. तब्येत ढासळली, पैसाही चुकीच्या व्यवहारांत बुडाला. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावरून तो नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात प्रेत सापडलं. आत्महत्या की अपघात, हे आजही नक्की नाही.

आता आमच्या वादाचं. साध्या गाडीत फिल्टर-सायलेन्सरने पॉवर थोडी आणि आवाज फार वाढतो. रिमॅपचा खरा फायदा टर्बो इंजिनात, कारण तिथे बूस्ट वाढवता येतो. टर्बो बसवला तर पॉवर सगळ्यात जास्त, पण उष्णता आणि दाब हेड गॅस्केट, पिस्टन आणि क्लचला सोसावा लागतो. टर्बोचं पहिलं पेटंट स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखीचं, १९०५ चं. त्याला खरं यश मिळालं १९२५ मध्ये, तेही डिझेल इंजिनावरच. ते बघायला रुडॉल्फ नव्हता.

थर्मोचा पेपर पुन्हा जवळ आलाय. कार्नो सायकल या वेळी पाठ करत नाहीये, समजून घेतेय.