पेनिसिलिनवाला शेतकरीपुत्र

अलेक्झांडर फ्लेमिंग हे मूळचे शेतकऱ्याच्या घरातले. स्कॉटलंडमधील डार्व्हेलजवळच्या शेतावर १८८१ साली जन्मले. सातव्या वर्षी वडील गेले. पुढे लंडनला डॉक्टर झाले. १९२८ मध्ये सुट्टीवरून परतले तर जिवाणूंच्या एका बशीत बुरशी धरलेली, अन् तिच्या भोवतालचे जिवाणू मेलेले! ते होते स्टॅफिलोकॉकस. गाईम्हशींना दगडी करणारे, खव्या-पेढ्यातून उलट्या घडवणारे, त्याच कुळातले. त्या बुरशीतून निघणारे द्रव्य, तेच पेनिसिलिन. १९४५ च्या नोबेल भाषणात त्यांनी बजावले की, औषध अपुरे पडले तर जिवाणू मरत नाहीत, उलट त्याला दाद देईनासे होतात. आपल्याकडे दोन इंजेक्शनांत जनावर सुधारले की उपचार सोडतात, ते हेच. १९५५ मध्ये फ्लेमिंग वारले. त्याआधीच इस्पितळांत पेनिसिलिनला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस पसरले होते.