विद्यासागरांच्या वीस शाळा

ईश्वरचंद्र विद्यासागर यांचे नाव महाराष्ट्रात घेतले जाते ते मुख्यतः विधवाविवाहाच्या संदर्भात. 1856 साली विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा झाला, त्यामागे त्यांचे अथक परिश्रम होते. आणि त्यांच्या ग्रंथाचे मराठी भाषांतर करून विष्णुशास्त्री पंडितांनी महाराष्ट्रातील त्या चळवळीला बळ दिले. मात्र ज्या दिवसांत विद्यासागर धर्मशास्त्रातील आधार शोधण्यात रात्री घालवीत होते, त्याच दिवसांत त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतले होते. बंगालच्या चार जिल्ह्यांत वीस देशी शाळा उभ्या करावयाच्या आणि त्या सर्वांत मुलांना लिहिणे-वाचणे सारख्याच निष्ठेने व सारख्याच पद्धतीने शिकविले जाईल अशी व्यवस्था लावावयाची, हे ते काम होय. एखादी चांगली शाळा एखाद्या चांगल्या शिक्षकाच्या पुण्याईवर चालते. वीस शाळा तशा चालवावयाच्या तर पुण्याई पुरत नाही. तेथे योजना लागते. ती योजना विद्यासागरांनी कशी आखली आणि ती कोठे अडली, हा त्यांच्या चरित्रातील फारसा न वाचला जाणारा भाग आहे.

दोन पंतोजी

त्यांचा जन्म 26 सप्टेंबर 1820 रोजी बीरसिंह या खेड्यात एका दरिद्री ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील ठाकुरदास कलकत्त्यात तुटपुंज्या पगारावर नोकरी करीत. गावातील पहिल्या गुरुमहाशयांचा हात मुलांच्या पाठीवर सदैव पडत असे. त्यामुळे ईश्वरचंद्राला त्यांच्याकडून काढून कालिकांत चट्टोपाध्याय यांच्या पाठशाळेत घालण्यात आले. कालिकांत प्रेमळ होते आणि शिकविण्यात वाकबगार होते. मुलाची बुद्धी त्यांनीच ओळखली व त्याला कलकत्त्यास नेण्याचा आग्रह धरला. 1828 मध्ये आठ वर्षांचा ईश्वरचंद्र वडिलांबरोबर पायी कलकत्त्यास निघाला तेव्हा कालिकांतही सोबत होते. वाटेवरचे मैलाचे दगड पाहून, मसाला वाटण्याचे पाटे रस्त्यात कोणी पुरून ठेवले, असे त्या मुलाने विचारल्याची आणि त्याच दगडांवरून मुक्कामास पोहोचेपर्यंत इंग्रजी आकडे शिकून घेतल्याची कथा प्रसिद्ध आहे. त्या कथेतील मुलाच्या बुद्धिमत्तेचे कौतुक सर्वांनीच केले. परंतु एकाच गावात एक पंतोजी मुलाला शाळेचा धसका देतो आणि दुसरा त्याला कलकत्त्याची वाट दाखवितो, ही गोष्टही तितकीच लक्षात घेण्यासारखी आहे. कोणत्या मुलाच्या वाट्यास कोणता पंतोजी येईल, हे केवळ दैवाधीन होते.

विल्यम अॅडम यांनी 1835 ते 1838 या काळात बंगाल-बिहारमधील देशी शिक्षणाची पाहणी करून जे अहवाल सादर केले, त्यांतून हेच चित्र दिसते. मुले आधी जमिनीवर अक्षरे काढीत, मग ताडपत्रावर, मग केळीच्या पानावर आणि सर्वांत शेवटी कागदावर. हिशेब आणि पत्रलेखन त्यांना येई; पण छापील पुस्तक बहुतेक पाठशाळांत पाहावयासही मिळत नसे. पुस्तकेच नव्हती, तर वाचण्याची गोडी लागणार कशी?

हार्डिंग शाळांचा धडा

सरकारने यावर काहीच केले नाही असे नाही. 1844 मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी बंगालमध्ये 101 देशी शाळा काढण्याचे ठरविले. विद्यासागर त्या वेळी फोर्ट विल्यम कॉलेजात पंडित होते आणि या शाळांसाठी शिक्षक पारखून घेण्याच्या कामात त्यांचा हात होता. शाळा निघाल्या, पण त्यांच्यामागे ना योग्य पुस्तके होती, ना शिक्षक तयार करणारी संस्था, ना वेळोवेळी जाऊन पाहणारे कोणी. काही वर्षांतच बहुतेक शाळा मिटल्या. या अपयशाचे कारण विद्यासागरांना जवळून पाहावयास मिळाले. आज्ञापत्राने शाळा निघतात, परंतु आज्ञापत्राने मुले वाचू लागत नाहीत, हा धडा ते पुढे कधी विसरले नाहीत.

1851 साली ते संस्कृत कॉलेजचे प्राचार्य झाले आणि 1854 मध्ये देशी शिक्षणाविषयी त्यांनी आपले टिपण सरकारला दिले. केवळ लिहिणे, वाचणे आणि हिशेब यांवर न थांबता भूगोल, इतिहास, चरित्रे व विज्ञान यांची तोंडओळख मातृभाषेतून व्हावी, शिक्षकांना आधी शिकवून तयार करावे आणि शाळांवर सतत देखरेख असावी, असा त्याचा आशय होता. लेफ्टनंट गव्हर्नर हॅलिडे यांना तो पटला. 1 मे 1855 पासून विद्यासागरांवर प्राचार्यपद सांभाळून शाळा-निरीक्षणाचे कामही सोपविण्यात आले. हुगळी, बर्दवान, मेदिनीपूर व नदिया हे चार जिल्हे त्यांच्याकडे आले.

अक्षरांची फेरमांडणी

कामाची सुरुवात त्यांनी अगदी मुळापासून, म्हणजे अक्षरांपासून केली. एप्रिल 1855 मध्ये ‘वर्णपरिचय’ या पुस्तकाचा पहिला भाग आणि जूनमध्ये दुसरा भाग प्रसिद्ध झाला. पालखीतून शाळा पाहत हिंडताना त्यांनी तो लिहून काढला, असे सांगतात. तोपर्यंत बंगाली मुले सोळा स्वर व चौतीस व्यंजने घोकीत. दीर्घ ऋ आणि दीर्घ लृ यांचा बंगालीत उपयोग नाही, म्हणून विद्यासागरांनी ते वगळले. अनुस्वार व विसर्ग स्वरांतून काढून व्यंजनांत घातले, चंद्रबिंदूला वेगळे स्थान दिले, क्ष हे जोडाक्षर असल्याने त्याला मूळ वर्णांतून रजा दिली आणि उच्चारात प्रत्यक्ष असलेल्या पण वर्णमालेत नसलेल्या तीन वर्णांना जागा करून दिली. बारा स्वर आणि चाळीस व्यंजने झाली. संस्कृतचा एवढा मोठा पंडित परंपरेची वर्णमाला बाजूस सारतो, ती सात वर्षांच्या मुलाची जीभ प्रमाण मानून, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पुस्तकाची चढणही विचारपूर्वक ठेवलेली होती. आधी सुटी अक्षरे, मग काना-मात्रा नसलेले शब्द, मग एकेक स्वरचिन्ह, मग लहान वाक्ये आणि नंतर छोटे उतारे. जोडाक्षरे सर्वस्वी दुसऱ्या भागात. त्या भागाच्या प्रारंभी त्यांनी शिक्षकांना सांगून ठेवले की, जोडाक्षराची फोड करून दाखवावी. तेथे आलेल्या कठीण शब्दांचे अर्थ मुलांच्या गळी उतरविण्याच्या भरीस पडू नये. एका वेळी एकच अडचण, हे त्यामागचे तत्त्व होते. पुस्तक छापून झाले म्हणून काम संपले असेही त्यांनी मानले नाही. वीस वर्षांनंतर, साठाव्या आवृत्तीच्या वेळी, मुले अक्षरांचे उच्चार कसे करतात आणि कोठे चुकतात याचा विचार करून ते त्यात दुरुस्त्या करीतच होते.

पुस्तकाच्या पाठोपाठ शिक्षक. 17 जुलै 1855 रोजी संस्कृत कॉलेजच्याच इमारतीत सकाळच्या वेळी नॉर्मल स्कूल सुरू झाले. त्याच्या मुख्यपदी विद्यासागरांनी आणले ते अक्षयकुमार दत्त यांना. ‘तत्त्वबोधिनी पत्रिके’चे हे संपादक विज्ञाननिष्ठ लेखक म्हणून ख्यातनाम होते. शिक्षक घडविण्याचे काम दुय्यम माणसांवर टाकावयाचे नाही, हा त्या निवडीचा अर्थ होता.

मग शाळा. ऑगस्ट 1855 ते जानेवारी 1856 या सहा महिन्यांत प्रत्येक जिल्ह्यात पाच याप्रमाणे वीस आदर्श शाळा निघाल्या. अनेक ठिकाणी गावकऱ्यांनी पदरमोड करून शाळागृहे बांधून दिली. आदर्श हा शब्द येथे शोभेचा नव्हता. भोवतालच्या जुन्या पाठशाळांतील गुरुमहाशयांनी येऊन पाहावे आणि तसे शिकवू लागावे, हा हेतू त्यात होता. विद्यासागरांच्या हाताखाली चार उपनिरीक्षक होते आणि ते स्वतःही वर्गावर्गांतून जात. एक पुस्तक, त्या पुस्तकाप्रमाणे तयार झालेला शिक्षक आणि त्या शिक्षकाची अडचण जाणणारा निरीक्षक, अशा या तीन कड्या परस्परांत अडकविल्या गेल्या. तिन्ही कड्या जुळविणारा माणूस एकच होता, हे या योजनेचे बळ होते. पुढे तेच तिचे दुबळेपणही ठरले.

थकलेले पगार

नोव्हेंबर 1857 ते मे 1858 या अवधीत त्यांनी याच जिल्ह्यांत मुलींच्या 35 शाळा काढल्या. सुमारे तेराशे मुली त्यांत येऊ लागल्या. हॅलिडे यांच्या अनुकूलतेवर विसंबून विद्यासागर पुढे गेले होते. लेखी मंजुरी हातात नव्हती. 1857 च्या उठावानंतर सरकारी तिजोरीवर ताण होता आणि वरिष्ठ सरकारने खर्चास नकार दिला. शिक्षकांचे 3,439 रुपये थकले. ज्यांनी आपल्या शब्दावर नोकरी धरली त्यांच्या पगाराची जबाबदारी आपली आहे, अशी विद्यासागरांची भूमिका होती. मोठ्या लिखापढीनंतर सरकारने ती थकबाकी दिली. पण पुढील खर्च उचलला नाही. शिक्षण खात्याचे संचालक गॉर्डन यंग यांच्याशीही त्यांचे जमेना. ऑगस्ट 1858 मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि महिना 500 रुपयांची प्राप्ती सोडून नोव्हेंबरमध्ये ते मोकळे झाले. वर्गणीच्या बळावर त्यांतील काही मुलींच्या शाळा त्यांनी पुढेही जगविल्या.

विद्यासागरांच्या विचारांना मर्यादा नव्हत्या असे मानणे हा त्यांच्यावरच अन्याय होईल. संस्कृत कॉलेजची दारे त्यांनी ब्राह्मण व वैद्य यांच्यापलीकडे आधी कायस्थांना व नंतर इतर प्रतिष्ठित जातींना उघडली; तथापि सर्वांना नाही. 1859 मध्ये स्वस्तात बहुजनांना शिकविण्याच्या योजनेविषयी सरकारने विचारले, तेव्हा तुटपुंज्या खर्चात ते साधणार नाही, त्यापेक्षा वरच्या वर्गातील मुलांना नीट शिकवावे, असा सल्ला त्यांनी दिला. स्वस्त शाळा ही शाळाच नव्हे, हे त्यांचे निदान बरोबर होते. परंतु त्यावरचा उपाय खर्च वाढविणे हा होता, मुले कमी करणे हा नव्हे. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी आपल्या गावी स्वखर्चाने रात्रीची शाळा चालविणाऱ्या माणसाने हे लिहावे, यात सरकारच्या दानतीविषयीचे त्यांचे नैराश्यच अधिक दिसते.

‘वर्णपरिचया’तील गुणी गोपाळ आणि हूड राखाल हे बंगाली घराघरांत पोहोचले. स्वतः विद्यासागर बालपणी गोपाळापेक्षा राखालच्याच जवळचे होते, असे रवींद्रनाथांनी पुढे नोंदविले. कदाचित म्हणूनच आपल्या मेट्रोपॉलिटन शाळेत त्यांनी मुलांना मारण्यास सक्त मनाई केली. उत्तरायुष्यातील बराच काळ त्यांनी कर्माटाड येथे संथाळांच्या शेजारी घालविला, त्यांना औषधे दिली आणि तेथेही शाळा काढली. 29 जुलै 1891 रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले.

वीस शाळांची ती साखळी आज उरलेली नाही. पुस्तक मात्र बंगालमध्ये अद्याप छापले जाते. तिन्ही कड्यांपैकी जी सरकारी मर्जीवर आणि वार्षिक तरतुदीवर अवलंबून नव्हती, तेवढीच टिकली. शाळांच्या समूहात वाचन सुधारावयाचे तर पुस्तक, शिक्षक आणि निरीक्षक यांना एकत्र बांधावे लागते, आणि ती गाठ एका माणसाच्या हयातीवर न ठेवता पगारपत्रकावर ठेवावी लागते. असे झाले तरच कोणत्या मुलाच्या वाट्यास कोणता पंतोजी येईल हा दैवाचा प्रश्न राहणार नाही. बीरसिंहच्या एका मुलाला कालिकांत भेटले, हे त्याचे भाग्य. ते भाग्य इतरांना हक्क म्हणून मिळावे, यासाठी त्याने पुढे जी तीन वर्षे वेचली, ती त्याच्या मोठेपणाची खरी साक्ष होय.