नामदार नाना शंकरशेट

सुरगाण्याहून मुंबईस निघालेला माणूस नाशिक रोडला येऊन आगगाडीत बसतो, आणि ती गाडी इगतपुरी ओलांडून थळ घाट उतरते. हा घाटमार्ग १८६५ च्या आरंभी खुला झाला. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी, मुंबईत लोहमार्ग यावा म्हणून झटणारे नामदार जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे यांनी देह ठेवला. आपल्या दैवज्ञ ज्ञातीत पुष्कळ घरी नानांची तसबीर आहे. तसबिरीमागील पुरुष मात्र मुलाबाळांस फारसा ठाऊक नाही, म्हणून हा अल्प परिचय आम्ही सादर करीत आहो.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. वडील शंकरशेट हे मुंबईतील बडे व्यापारी. १८२२ साली ते निवर्तले, आणि एवढ्या मोठ्या मिळकतीचा भार ऐन विशीच्या आतल्या मुलावर आला. पुढे पेढीची पत एवढी वाढली की, अरब व अफगाण व्यापारी आपला पैसा नानांकडे निर्धास्तपणे ठेवीत. तरुण वयात हाती संपत्ती आली म्हणजे काय होते, ते आम्ही चारचौघांत पाहतोच. नानांनी मात्र एल्फिन्स्टनसाहेबांच्या काळात निघालेल्या शिक्षणसंस्थेच्या कामास वाहून घेतले.

आमच्या मते नानांची खरी कसोटी येथेच लागली. शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे मत असे की, शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे. अध्यक्ष हे सरन्यायालयाचे न्यायाधीश. त्यांच्यासमोर बोलणे सोपे नव्हते. नाना स्वतः इंग्रजी उत्तम जाणत. तरी बहुजनांपर्यंत विद्या जाईल ती देशी भाषेतूनच, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा आणि कर्नल जर्व्हिस हे सभासदही त्यांच्या बाजूस उभे राहिले. वाद काही वर्षे चालला आणि प्राथमिक शिक्षण देशी भाषेतच राहिले. सुरगाण्याच्या पाड्यांवर कोकणी व वारली पोरे घरची बोली घेऊन पाटीपुस्तकाशी झगडताना दिसतात, तेव्हा हा वाद आम्हांस जुना वाटत नाही.

मुलींच्या शाळेचेही तसेच. १८४९ साली स्टुडंट्स सोसायटीने मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा नानांनी आपल्या वाड्यात जागा दिली. घरच्या वाड्यात शाळा भरविणे म्हणजे लोकनिंदा दारात बोलावणे होते.

१८४५ पासून रेल्वेच्या खटपटीत ते सर जमशेटजी जिजीभाई यांच्यासह होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी सुटली, तेव्हा निमंत्रितांत नानाही होते. त्याआधी, २६ ऑगस्ट १८५२ रोजी बाँबे असोसिएशनची स्थापना होऊन ते तिचे अध्यक्ष झाले होते. संस्थेने राज्यकारभारातील दोष दाखविणारा अर्ज विलायतेच्या पार्लमेंटकडे धाडला. त्यानंतर सरकारची गैरमर्जी नको म्हणून काही श्रीमंत मंडळी बाजूस सरली, नाना राहिले. नाना बंडखोर नव्हते, अर्ज-विनंतीच्या वाटेने जाणारे होते, हे आम्ही लपवीत नाही. तरी १८५७ च्या धामधुमीत सरकारने त्यांच्यावरच संशय घेतला. चौकशीत काहीच निघाले नाही, पण तेवढ्याने झालेला मनस्ताप भरून येण्याजोगा नव्हता.

सोनापूरची स्मशानभूमी शहराबाहेर नेण्याचा बेत सरकारने केला, तोही त्यांनी हाणून पाडला. १८६२ साली मुंबई कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली आणि शेटजी ‘नामदार’ झाले. या पदावर त्यांना अवघी तीन वर्षे लाभली.

नानांचा पुतळा मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आहे. त्याहून आम्हांस प्रिय आहे ती त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात पहिला येणाऱ्यास ती मिळे. १९१२ साली ती चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांनी मिळविली. हेच पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व देशाचे अर्थमंत्री झाले. देशमुख आपल्या ज्ञातीचे नव्हेत. ती शिष्यवृत्ती देताना ज्ञाती विचारली जात नसे.