विल्यम कॅरी आणि सुटलेले गाव

विल्यम कॅरी हे नाव ठाऊक नाही असा माणूस आपल्या मंडळ्यांत विरळाच. जोडे शिवून पोट भरणारा एक गरीब कारागीर पुढे भाषापंडित कसा झाला, हिंदुस्थानात येऊन त्याने पवित्र शास्त्राची भाषांतरे कशी केली, ही कथा शब्बाथ शाळेतील मुलेही सांगतात. उपदेशांतून तर ती आपण अनेकदा ऐकली आहे. आज आम्हांला त्याच चरित्राची एक बाजू वाचकांपुढे ठेवायची आहे, जिच्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. कॅरींनी आपले गाव सोडले ते कसे, त्यांच्याबरोबर कोण निघाले, आणि त्या निघण्याची किंमत कोणाकोणाला द्यावी लागली, ती ही बाजू होय. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे नोकरीसाठी वा सेवेसाठी आपला मुलूख सोडून दूर येऊन राहिले. म्हणून हा विषय आपल्याला परका नाही.

पॉलर्सपरीचा मुलगा

इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशर परगण्यात पॉलर्सपरी नावाचे एक खेडे आहे. तेथे १७ ऑगस्ट १७६१ रोजी विल्यमचा जन्म झाला. वडील एडमंड हे विणकर. विल्यम सहा वर्षांचा असताना त्यांना गावच्या शाळेत मास्तरकी मिळाली. घरात पैसा नव्हता, पण पुस्तकांची ओढ होती. विल्यमचे काका पीटर हे कॅनडात राहून परत आले होते आणि बागकाम करीत. दूरदेशीच्या गोष्टी आणि झाडापेडांचे वेड, या दोन्ही गोष्टी पुतण्याला बहुधा त्यांच्याकडूनच मिळाल्या. मुलगा रानोमाळ हिंडून फुले, किडे, पाखरांची अंडी गोळा करी व आपल्या खोलीत मांडून ठेवी.

त्याला बागकामच करायचे होते, पण उन्हाने त्याच्या अंगाची कातडी बिघडे. तेव्हा त्याला जवळच्या पिडिंग्टन गावी जोडे शिवण्याचे काम शिकायला ठेवले. पुढे हॅकल्टन गावी त्याने तोच धंदा केला. तेथेच एका सोबत्याच्या संगतीने त्याचे मन प्रभूकडे वळले आणि १७८३ साली नॉर्थॅम्प्टन येथे नदीत त्याचा बाप्तिस्मा झाला.

त्याच्या दोन वर्षे आधी, १० जून १७८१ रोजी, पिडिंग्टनच्या चर्चमध्ये विल्यमचा विवाह डोरोथी प्लॅकेट हिच्याशी झाला होता. वधू वराहून पाच-सहा वर्षांनी मोठी होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून लग्नाच्या नोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली केली. तिचे माहेर तेथलेच. आईबाप, बहिणी, शेजारीपाजारी सारे हाकेच्या अंतरावर. पुढे कॅरी मोल्टन येथे शाळामास्तर व पाळक झाले, त्यानंतर १७८९ साली लेस्टर शहरी गेले. तरी ही सगळी ठिकाणे एकाच मुलखातली. गरिबी मात्र सुटली नाही आणि दुःखही नाही. त्यांच्या दोन मुली लहानपणीच वारल्या.

भिंतीवरचा नकाशा

मोल्टनला असताना कॅरींनी कॅप्टन कुकच्या सागरप्रवासाचे वर्णन वाचले आणि त्यांचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. त्यांनी हाताने जगाचा एक मोठा नकाशा तयार करून भिंतीवर लावला. कोणत्या देशात किती लोक, त्यांचा धर्म कोणता, याची टिपणे ते त्यावर लिहीत. जोडे शिवता शिवता नजर नकाशावर असे. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच, फ्रेंच या भाषा त्यांनी याच काळात आपल्या आपण शिकून घेतल्या.

१७९२ च्या मे महिन्यात त्यांनी परदेशी सुवार्ताकार्याच्या कर्तव्यावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला नॉटिंगहॅम येथे पाळकांच्या सभेत त्यांनी यशयाच्या ५४ व्या अध्यायावर उपदेश केला. तंबूची जागा वाढवावी, दोऱ्या लांब कराव्यात, या अर्थाचा तो शास्त्रभाग आहे. २ ऑक्टोबर रोजी केटरिंग गावी एका विधवा बाईंच्या घरी बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीची स्थापना झाली. त्या रात्री वर्गणीचे वचन मिळाले ते १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स इतके.

जानेवारी १७९३ मध्ये डॉक्टर जॉन थॉमस हे बंगालमध्ये काम करून परतलेले गृहस्थ सोसायटीला भेटले. त्यांच्याबरोबर जाण्यास कॅरी तत्काळ कबूल झाले. घरी येऊन त्यांनी ही गोष्ट पत्नीला सांगितली.

पिडिंग्टनचा उंबरठा

डोरोथीबाईंनी स्पष्ट नकार दिला. त्यांच्या पदरी तीन मुलगे होते, चौथे मूल पोटात होते. फ्रान्स आणि इंग्लंड यांचे युद्ध नुकतेच सुरू झालेले. समुद्र धोक्याचा, देश अनोळखी, परतीची खात्री नाही. आम्हांला वाटते, त्या स्थितीत कोणतीही शहाणी आई असेच म्हणाली असती. चरित्रकारांनी पुष्कळ वर्षे या माउलीला अल्पविश्वासी ठरविले, हे आम्हांला न्यायाचे वाटत नाही. विल्यमना जी हाक ऐकू आली होती, ती डोरोथीबाईंना आलेली नव्हती.

शेवटी असे ठरले की कॅरींनी थोरल्या फेलिक्सला घेऊन पुढे जावे. डोरोथीबाई पिडिंग्टनला आपल्या माणसांत येऊन राहिल्या. पण जहाज दक्षिण किनाऱ्यावरच अडकून पडले. ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नव्हता आणि थॉमस यांच्यामागे सावकारांचा तगादा होता. कप्तानाने त्यांना उतरवून दिले. दरम्यान मे महिन्यात डोरोथीबाई बाळंत झाल्या आणि जेबेझचा जन्म झाला.

कॅरी व थॉमस यांना आता एका डॅनिश जहाजावर जागा मिळाली. निघण्यापूर्वी दोघे पुन्हा पिडिंग्टनला गेले. डोरोथीबाईंनी पुन्हा नाही म्हटले. दोघे जड मनाने निघाले, आणि वाटेत थॉमस एकटेच मागे फिरले. आता आला नाहीत तर कुटुंबाची कायमची ताटातूट होईल आणि त्याचा जन्मभर पश्चात्ताप होईल, असे त्यांनी डोरोथीबाईंना बजावले. या शब्दांनी त्या हादरल्या. त्यांनी एकच अट घातली, की धाकटी बहीण किटी बरोबर येत असेल तर येईन. किटी तयार झाली. एका दिवसात सामानाची बांधाबांध झाली आणि उरलेले विकून टाकण्यात आले. १३ जून १७९३ रोजी डोव्हरहून जहाज सुटले. मांडीवरचे मूल तेव्हा जेमतेम सहा आठवड्यांचे होते.

कॅरींनी निघण्याचा विचार सात-आठ वर्षे मनात घोळवला होता. त्यांच्या पत्नीला विचार करायला एक दिवस मिळाला.

मदनावतीचे घर

१७९३ च्या नोव्हेंबरात ही मंडळी कलकत्त्यास पोहोचली. पैशाचा व्यवहार थॉमसकडे होता आणि तो पैसा थोड्याच दिवसांत संपला. आज येथे, उद्या तेथे असे बिऱ्हाड हलवीत कुटुंब सुंदरबनाच्या काठी आले. वाघांचे रान, गवताचे छप्पर, घरात डोरोथीबाई व थोरले मूल हगवणीने हैराण. तेथे कंपनीच्या मीठ खात्यातील शॉर्ट नावाच्या अधिकाऱ्याने त्यांना आसरा दिला. पुढे किटीने याच गृहस्थांशी विवाह केला.

१७९४ च्या मध्यावर कॅरींना उत्तर बंगालमध्ये मदनावती येथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी मिळाली. कुटुंब नदीमार्गे तिकडे गेले. किटी मागे राहिली. जिच्या सोबतीच्या भरवशावर डोरोथीबाईंनी देश सोडला, ती बहीणही आता जवळ नव्हती.

त्याच वर्षी ऑक्टोबरात पाच वर्षांचा पीटर तापाने व हगवणीने वारला. आईबाप स्वतः आजारी. जातीच्या भयाने मुलाची पेटी करायला, खड्डा खणायला, उचलायला कोणी पुढे येईना. मोठ्या मिनतवारीने शेवटी ते कार्य उरकले. आपल्या गावी असते तर साऱ्या आळीने खांदा दिला असता. येथे त्या आईजवळ रडायलाही आपल्या भाषेतले माणूस नव्हते.

पुढच्या वर्षापासून डोरोथीबाईंचे मन ढळू लागले. पती आपल्याशी एकनिष्ठ नाही असा भ्रम त्यांना झाला. त्या भर रस्त्यात त्यांच्यामागे जाऊन दूषणे देत, कधी अंगावर धावून जात. १७९६ च्या जानेवारीत जोनाथनचा जन्म झाला, पण आजार हटला नाही. पुढे त्यांना खोलीत बंद ठेवावे लागले. मनाच्या आजारावर त्या काळी आजच्यासारखे औषधोपचार नव्हते. कॅरी शेजारच्या खोलीत बसून बंगाली भाषांतर करीत आणि भिंतीपलीकडून आरडाओरडा ऐकू येई. अशी बारा वर्षे गेली.

सेरामपूर

१० जानेवारी १८०० रोजी कॅरी कुटुंबासह कलकत्त्याजवळच्या सेरामपूर या डॅनिश अमलाखालच्या गावी आले. आपल्या नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर वेगळे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. मार्शमन दांपत्य व वॉर्ड हे सहकारी तेथे होते. सर्वांचे जेवण, खर्च व उपासना एकत्र असे. कॅरींच्या आईविना वाढणाऱ्या मुलांना वळण लावण्याचे काम हॅना मार्शमनबाई व वॉर्ड यांनी केले. त्यांचे नाव या कथेत आदराने घेतले पाहिजे.

यापुढचे कार्य सर्वांना माहीत आहे. १८०१ साली बंगाली नवा करार छापून निघाला आणि त्याच वर्षी कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात भाषाशिक्षक झाले. १८०४ पासून ते मराठीही शिकवू लागले. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली, कोश १८१० साली आणि मराठी नवा करार १८११ साली प्रसिद्ध झाला. महाराष्ट्राची भूमी या माणसाने कधी पाहिली नाही. त्यांना मराठी शिकविली ती मूळ नागपूरकडच्या वैजनाथ पंडितांनी, आणि तेही आपला मुलूख सोडून कलकत्त्याला आलेले होते. आपल्या भाषेतला पहिला छापील नवा करार हा असा घरापासून दूर असलेल्या माणसांच्या हातून घडला.

डोरोथीबाई ८ डिसेंबर १८०७ रोजी सेरामपूरला वारल्या. पिडिंग्टन त्यांना पुन्हा दिसले नाही. पाच महिन्यांनी कॅरींनी शार्लट रूमोर या डॅनिश बाईंशी विवाह केला. त्या विद्वान होत्या, सेवेत मनापासून सहभागी झाल्या, आणि १८२१ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत तो संसार सुखाचा झाला.

बागेतले फूल

कॅरी स्वतः ४१ वर्षे या देशात राहिले आणि एकदाही मायदेशी परतले नाहीत. वडील १८१६ साली गेले तेव्हा मुलगा दूरच होता. बहीण मेरी पक्षाघाताने वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळून होती. ती जेमतेम चालणाऱ्या एका हाताने त्यांना पत्रे लिही आणि ते उत्तरे पाठवीत.

मग त्यांना गावाची आठवण होत नसे काय? आम्हांला वाटते ती त्यांनी बागेत लावून ठेवली होती. सेरामपूरला त्यांची सुमारे पाच एकरांची बाग होती. इंग्लंडला पत्र लिहिताना ते शेताबांधावरच्या साध्या रानफुलांचे बी मागवीत. एकदा अशा बियांची पिशवी रिकामी झाल्यावर तळाची माती त्यांनी बागेच्या एका कोपऱ्यात झटकली. काही दिवसांनी तेथे डेझीचे रोप उगवले. इंग्लंडच्या कुरणात पायदळी तुडविले जाणारे ते फूल त्यांनी जवळजवळ तीस वर्षांत पाहिले नव्हते. त्या दर्शनाने झालेला आनंद त्यांनी पत्रातून मायदेशी कळविला. ते रोप टिकावे म्हणून ते दरवर्षी त्याचे बी पुन्हा पेरीत.

१८२३ च्या महापुरात ही बाग वाहून गेली. वयाची साठी उलटलेल्या कॅरींनी ती पुन्हा लावली. त्याआधी १८१२ साली छापखान्याला लागलेल्या आगीत भाषांतरांची हस्तलिखिते जळाली होती आणि तेही काम त्यांनी पुन्हा हाती घेतले होते. १८१८ साली त्यांनी सहकाऱ्यांसह काढलेले सेरामपूर कॉलेज आजही चालू आहे आणि आपले कित्येक पाळक सेरामपूरच्याच पदव्या घेऊन आले आहेत. ९ जून १८३४ रोजी कॅरी प्रभूच्या ठायी विसावले. ज्या मातीत डोरोथीबाई निजल्या त्याच मातीत त्यांनाही ठेवले.

आम्ही काय घ्यावे

कॅरींचे थोरपण यामुळे कमी होते असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. त्यांनी पत्नीला टाकले नाही, सेवाही टाकली नाही. तरीही हे सांगितलेच पाहिजे की त्या घरातून दोन माणसे निघाली आणि दोघांचे निघणे सारखे नव्हते. परक्या भूमीत कॅरींजवळ काम होते, पंडित होते, छापखाना होता, बाग होती. डोरोथीबाईंजवळ एक बहीण होती, तीही दुरावली.

आपल्या मंडळ्यांत आजही बदली होऊन, लग्न होऊन, कोणाच्या तरी मागोमाग आलेल्या बहिणी आहेत. नवऱ्याला कचेरीत सोबती मिळतात, मुलांना शाळेत मित्र मिळतात. घरी राहणाऱ्या बाईला मात्र गावाची आठवण सांगायला कोणी नसते. म्हाताऱ्या आईबापांना मुलांनी शहरात आणले की त्यांचेही तेच होते. सून-मुलगा चांगले असूनही त्यांचा जीव रमत नाही, आणि आपण त्यांना कुरकुरे म्हणतो.

वाचकहो, पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर असे नवे कुटुंब दिसले, तर घरातल्या कर्त्या पुरुषाचा हुद्दा विचारून थांबू नये. त्याच्यामागे उभ्या असलेल्या बाईला तिचे गाव कोणते ते विचारावे, आणि ती सांगू लागली की घाई न करता ऐकून घ्यावे. मदनावतीच्या त्या घरात असे विचारणारे कोणी असते, तर त्या माउलीचे दुःख थोडे तरी हलके झाले असते.