बाळाच्या डोळ्यातला एक थेंब: डॉ. कार्ल क्रेडे आणि सुइणींच्या हाती आलेला उपाय

आई एचआयव्हीबाधित असेल तर बाळ जन्मल्यावर काही तासांतच त्याला औषधाचं सिरप पाजायला सुरुवात होते. बाळाला लागण झाली आहे का, हे नंतर तपासतात. औषध आधी. आणि आई बाधित आहे की नाही हे कळावं म्हणून नाव नोंदवायला आलेल्या प्रत्येक गरोदर बाईला चाचणी सुचवली जाते, कुणाकडे बघून अंदाज बांधला जात नाही.

आज हे सरळ वाटतं. पण आईकडून बाळाकडे जाणारा संसर्ग बाळंतपणाच्या वेळीच अडवायचा, सरसकट सगळ्यांसाठी अडवायचा आणि ते काम बाळंतपण करणाऱ्या सुइणीच्या हाती द्यायचं, ही रीत एचआयव्हीच्या शंभर वर्षं आधी जर्मनीत बसवली गेली. ती बसवणाऱ्या डॉक्टरचं नाव कार्ल क्रेडे.

क्रेडे यांचा जन्म २३ डिसेंबर १८१९ रोजी बर्लिनमध्ये झाला. वैद्यकीचं शिक्षण मुख्यतः तिथेच झालं, १८४२ मध्ये पदवी मिळाली आणि पुढे काही वर्षं प्रसूती विभागात सहायक म्हणून गेली. १८५२ मध्ये ते बर्लिनच्या सुईण विद्यालयाचे प्रमुख झाले. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तेव्हाच्या जर्मनीत सुईण म्हणजे शिकलेली, परीक्षा देऊन परवाना मिळवलेली बाई. बहुतेक बाळंतपणं घरीच होत आणि सुईणच ती करत असे. अडलं तरच डॉक्टरला बोलावणं जाई. त्यामुळे सुइणींना शिकवणाऱ्या माणसाचा शब्द हजारो घरांत पोहोचत असे. क्रेडे यांनी हे काम जन्मभर केलं, त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकही लिहिलं.

त्यांचं नाव आधी झालं ते वार पाडण्याच्या पद्धतीमुळे. बाळ झाल्यावर वार लवकर पडली नाही तर आत हात घालून ती काढत. त्यातून आईला ताप येई, कधी ती दगावे. क्रेडे यांनी पोटावरून गर्भाशय हाताने धरून, कळ येताच दाबून वार बाहेर काढायची पद्धत रूढ केली. हात आत घालायचं टळलं. पुढे या पद्धतीतले दोषही दिसले, पण तेव्हा ती फार मोठी सोय होती.

१८५६ मध्ये ते लाइपझिगला प्राध्यापक म्हणून गेले. प्रसूतिगृह आणि सुईण विद्यालय, दोन्ही त्यांच्याकडे आलं. १८७० पासून ते स्त्रीरोगशास्त्राच्या एका मोठ्या नियतकालिकाचे संपादकही होते.

या प्रसूतिगृहात एक दुखणं वर्षानुवर्षं ठाण मांडून होतं. बाळ जन्मतं धडधाकट, आणि दोन-चार दिवसांत त्याचे डोळे सुजतात. पापण्या उघडत नाहीत, उघडल्या तर पू वाहतो. वेळेत आवरलं नाही तर बुबुळावर जखम होते आणि नजर जाते. युरोपातल्या अंधशाळांमधली कितीतरी मुलं याच आजाराने अंध झालेली होती. कारण होतं आईला असलेला परमा, म्हणजे गनोरिया. जन्माच्या वाटेवर असलेला हा संसर्ग बाळाच्या डोळ्यांत शिरत असे. त्याचा जंतू अल्बर्ट नायसर यांनी १८७९ मध्ये शोधला.

लाइपझिगमध्ये १८७४ साली शंभरातल्या तेराहून जास्त बाळांचे डोळे असे आले होते. पुढच्या वर्षांत आकडा थोडा उतरला, तरी दहाच्या आसपास घोटाळत राहिला.

क्रेडे यांनी आधी आईकडून सुरुवात केली. प्रसूतीच्या वेळी जंतुनाशकाने मार्ग धुऊन पाहिला. फरक पडला, पण पुरेसा नाही. मग बाळाच्या डोळ्यांकडे वळले. बोरॅक्सच्या पाण्याने डोळे धुतले, तेही कमी पडलं. शेवटी सिल्व्हर नायट्रेटचं पातळ द्रावण घेतलं. मतदानाच्या वेळी बोटाला लावतात त्या शाईत असतं तेच हे रसायन. डोळे आल्यावर उपचार म्हणून डॉक्टर ते आधीपासून वापरतच होते. क्रेडे यांनी औषध नवं शोधलं नाही, वेळ बदलली. डोळे येण्याआधी, जन्मल्याबरोबर.

सुरुवातीला हा थेंब फक्त आजारी दिसणाऱ्या बायकांच्या बाळांना दिला जाई. ती बाळं वाचू लागली. पण निरोगी वाटणाऱ्या आयांच्या बाळांचे डोळे येतच राहिले. तेव्हा १ जून १८८० पासून प्रसूतिगृहात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला थेंब द्यायचं ठरलं. क्रेडे यांच्या साऱ्या कामात हा निर्णय सर्वांत मोलाचा. परमा झालेल्या अनेक बायकांना काहीच त्रास जाणवत नाही, त्यामुळे बघून निदान होत नाही. शिवाय सगळ्यांनाच थेंब द्यायचा म्हटल्यावर सुइणीला कुणाच्या चारित्र्याची चौकशी करावी लागत नाही आणि थेंब पडला म्हणून कुठल्या आईकडे बोट दाखवलं जात नाही.

कृती इतकी सोपी ठेवली होती की डॉक्टर लागू नये. नाळ कापून बाळाला आंघोळ घालायची. डोळे वेगळ्या स्वच्छ पाण्याने पुसायचे, आंघोळीच्या पाण्याने नाही. मग पापण्या किंचित उघडून काचेच्या काडीने प्रत्येक डोळ्यात दोन टक्के द्रावणाचा एकच थेंब सोडायचा. बस्स. त्या वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत दोनशेच्या आसपास बाळं जन्मली आणि एकाच बाळाचे डोळे आले.

१८८१ मध्ये क्रेडे यांनी हे आकडे छापले. टीकाही झाली. थेंबाने डोळे लाल होतात, द्रावण जास्त तीव्र झालं तर इजा होते, असं जहाल रसायन सुइणींच्या हाती द्यावं का, असे प्रश्न निघाले. पहिल्या दोन तक्रारी खऱ्या होत्या. पुढे द्रावण एक टक्क्यावर आणलं गेलं. पण काही वर्षांतच ही पद्धत देशोदेशी पसरली आणि बऱ्याच ठिकाणी सुइणींना सक्तीची झाली. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १८९० मध्ये कायदाच केला, की नवजात बाळाचे डोळे लाल किंवा सुजलेले दिसले तर सुइणीने तातडीने कळवायचं.

प्रकृतीमुळे क्रेडे १८८७ मध्ये निवृत्त झाले आणि १४ मार्च १८९२ रोजी लाइपझिगमध्ये वारले. त्यांचा मुलगा बेन्नो शल्यचिकित्सक झाला. त्यानेही चांदीच्याच औषधांवर काम केलं.

प्रतिजैविकं आल्यावर चांदीच्या थेंबाची जागा अनेक ठिकाणी मलमाने घेतली. काही देशांनी बाळांना सरसकट औषध देणं थांबवून गरोदरपणीच आईची तपासणी सुरू केली.

मग एचआयव्ही आला. काहीच उपचार नसतील तर बाधित आईच्या शंभर बाळांपैकी १५ ते ४५ जणांना लागण होते: काहींना पोटात, बऱ्याच जणांना बाळंतपणात, काहींना दुधातून. १९९४ मध्ये झिडोवुडिन या औषधाने हे प्रमाण २५ वरून आठच्या आसपास आल्याचं दिसलं. पण तो उपचार लांबलचक आणि महाग होता. १९९९ मध्ये युगांडातल्या अभ्यासाने वेगळी वाट दाखवली. कळा सुरू होताच आईला नेविरापिनची एक गोळी आणि तीन दिवसांच्या आत बाळाला सिरपचा एक डोस. झिडोवुडिनच्या छोट्या उपचाराच्या तुलनेत लागण जवळपास निम्म्याने कमी झाली. हे सुइणीला जमण्यासारखं होतं आणि आफ्रिकेत असंख्य ठिकाणी तिनेच ते केलं. एकाच डोसमुळे विषाणू औषधाला दाद देईनासा होतो, हे लक्षात आल्यावर ही पद्धत मागे पडली. आता आईला तीन औषधांचा उपचार कायमचा सुरू होतो आणि तो नीट चालला तर लागणीचं प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली राहतं.

सुईण असो, नर्स असो की आपल्याकडची एएनएम, तिचं काम मात्र वाढलं आहे. चाचणीसाठी आईला तयार करायचं, गोळ्या चुकत नाहीत ना ते पाहायचं, गरज नसताना पाणमोट फोडायची नाही, बाळाला वेळेत सिरप पाजायचं, दुधाबद्दल समजवायचं. आणि सहाव्या आठवड्यात बाळाला परत बोलावून टाचेतून रक्ताचे चार-पाच थेंब कागदावर घ्यायचे. बाळ वाचलं की नाही, ते त्यातून कळायला सुरुवात होते.