दोन महायुद्धे पाहिलेले पोप

महायुद्धावरचा चित्रपट लागला की आपल्या घरातली मुले जागची हलत नाहीत. आपणही शेजारी बसतो. रणगाडे, विमाने, पाणबुड्या, सेनापतींचे डावपेच यांचे आपल्याला आकर्षण वाटते, कारण तिथे माणसाचे धैर्य व बुद्धी पणाला लागलेली असते. मात्र पहिल्या महायुद्धात सुमारे ९० लाख सैनिक आणि दुसऱ्यात सैनिक व नागरिक मिळून ६ कोटींच्या आसपास माणसे मेली, हे वाचून आपण पान उलटतो. एवढे मरण मनात मावत नाही. ते समजायचे तर एकेका माणसाजवळ बसावे लागते. संत पोप जॉन तेविसावे असे बसले होते.

त्यांचे मूळ नाव आंजेलो रोंकाल्ली. २५ नोव्हेंबर १८८१ रोजी इटलीतील बेर्गामोजवळच्या सोत्तो इल मोंते या खेड्यात, शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९०४ साली ते धर्मगुरू झाले. मे १९१५ मध्ये इटलीने युद्धात उडी घेतली आणि ३३ वर्षांच्या फादरांना लष्कराचे बोलावणे आले. झगा उतरवून त्यांनी वैद्यकीय पथकातील सार्जंटचा गणवेश चढवला, मिशाही राखल्या. १९१६ साली त्यांना लष्करी धर्मगुरू नेमण्यात आले. बेर्गामोच्या इस्पितळांत आघाडीवरून जखमी जवान येत. त्यांत त्यांच्यासारखीच खेड्यातली, शेतावरची मुले होती. त्यांचे कुमसार ऐकणे, अखेरचे संस्कार देणे, मरणाऱ्याच्या उशाशी प्रार्थना करणे, हेच फादरांचे युद्ध होते.

दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा ते आर्चबिशप होते आणि तुर्कस्तान व ग्रीससाठी व्हॅटिकनचे प्रतिनिधी म्हणून इस्तंबूलला राहत होते. ग्रीसमध्ये १९४१-४२ च्या दुष्काळात माणसे उपासमारीने मरू लागली, तेव्हा तिथे धान्य पोहोचावे म्हणून त्यांनी खटपट केली. नाझींच्या तावडीतून निसटलेले ज्यू निर्वासित इस्तंबूलमार्गे पॅलेस्टाइनला जात. त्यांच्यासाठी आर्चबिशपांनी राजे व अधिकारी यांच्याकडे शब्द टाकला, हंगेरीतील ज्यूंपर्यंत प्रवासाची कागदपत्रे पोहोचवण्यास मदत केली.

डिसेंबर १९४४ मध्ये त्यांची फ्रान्सला पोपचे राजदूत म्हणून नेमणूक झाली. जर्मनांविषयी तिथे संताप धुमसत होता. तरीही शार्त्रजवळच्या छावणीत काटेरी तारांमागे धर्मगुरुपदाचे शिक्षण घेणाऱ्या जर्मन युद्धकैद्यांना ते भेटायला गेले. कालचा शत्रूही कुणाचा तरी मुलगाच होता.

१९५८ साली, वयाच्या ७६ व्या वर्षी, ते पोप झाले. ११ ऑक्टोबर १९६२ रोजी त्यांनी दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू केली. त्यानंतर काही दिवसांतच क्यूबातील क्षेपणास्त्रांवरून अमेरिका व रशिया अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले. २५ ऑक्टोबरला पोपनी व्हॅटिकन रेडिओवरून सत्ताधीशांना वाटाघाटीची कळकळीची विनंती केली. तीनच दिवसांनी रशियाने क्षेपणास्त्रे मागे घेण्याचे मान्य केले. त्यामागे कारणे अनेक होती, पण समेटाची उघड विनंती करणारा एक आवाज या वृद्ध पोपचा होता.

पोटाच्या कर्करोगाने ते आधीच ग्रासले होते. ११ एप्रिल १९६३ रोजी त्यांनी 'पाचेम इन तेर्रीस' हे शांतीविषयीचे विश्वपत्र केवळ कॅथलिकांना नव्हे, तर सद्भावना असलेल्या सर्वांना उद्देशून लिहिले. अणुयुगात अन्यायाचे निवारण युद्धाने होऊ शकत नाही, हा त्यातला एक मुख्य विचार. ३ जून १९६३ रोजी त्यांनी देह ठेवला. २७ एप्रिल २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. ११ ऑक्टोबर हा त्यांचा सण.

बंधुभगिनींनो, युद्धाचे चित्रपट पाहू नयेत असे आम्ही म्हणत नाही. मुलांबरोबर जरूर पाहावेत. मात्र पडद्यावर कोसळलेल्या त्या जवानाची घरी कोण वाट पाहत असेल, हेही त्यांच्याशी बोलावे. जगात आजही युद्धे चालू आहेत. रविवारच्या मिस्सामध्ये शांतीसाठी प्रार्थना करताना आपण आकड्यांऐवजी एखाद्या आईचा चेहरा मनात आणू या.

संत जॉन तेविसावे, आम्हासाठी विनंती करा.