लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे

सोडावॉटरच्या दुकानात लोखंडी सिलिंडर असतो. त्यात कार्बन डायऑक्साइड वायू दाबून भरलेला असतो. दाबला की हा वायू पातळ होतो. हे प्रथम करून दाखवणाऱ्या मायकेल फॅरडे यांची ही माहिती.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी इंग्लंडमध्ये लंडनजवळ झाला. वडील लोहार होते. घरची गरिबी फार. मायकेलला शाळेत लिहिणे, वाचणे आणि हिशेब एवढेच शिकता आले. १३व्या वर्षी तो पुस्तकाच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागला. पुढे ७ वर्षे तिथेच पुस्तके बांधायला शिकला. पण तो पुस्तके नुसती बांधायचा नाही, वाचूनसुद्धा काढायचा. विजेबद्दल वाचले की बाटल्या नि लाकडे जमवून स्वतः प्रयोग करून बघायचा.

१८१२ साली त्याला सर हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञांची व्याख्याने ऐकायला मिळाली. त्याने सगळी टिपणे उतरवली, छान बांधली आणि डेव्हींना पाठवली. १८१३ साली रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत त्याला मदतनिसाचे काम मिळाले.

१८२३ साली फॅरडे यांनी जाड काचेच्या वाकड्या नळीत रसायने घालून तिची दोन्ही तोंडे बंद केली. आत वायू तयार झाला, पण बाहेर जायला वाट नव्हती. दाब वाढत गेला आणि नळीच्या थंड टोकाला वायू पातळ होऊन साचला. आधी क्लोरीन, मग कार्बन डायऑक्साइड!

पण काम जिवावरचे होते. नळ्या फुटत. एकदा तर काचेचे तुकडे डोळ्यांत गेले. दोन-तीन आठवडे नीट राहिलेली नळीदेखील हवा जरा तापली की धाडकन फुटायची. म्हणून चष्मा आणि काचेचा मुखवटा लावूनच हे काम करा, असे फॅरडे यांनी लिहून ठेवले.

१८३१ साली त्यांनी चुंबकापासून वीज निर्माण केली. जगभर कीर्ती झाली, पण सर ही पदवी त्यांनी घेतली नाही. नाताळच्या सुट्टीत ते मुलांसाठी व्याख्याने देत. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, म्हणून साबणाचा फुगा त्यावर तरंगतो, ही गंमत त्यांनी मुलांना दाखवली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते वारले.

आज काही जण घरी सोडा करायला किंवा माशांच्या टाकीतल्या वनस्पतींसाठी हा सिलिंडर विकत आणतात. घेताना त्यावर कोरलेली तपासणीची तारीख बघावी. दाब कमी करणारा रेग्युलेटर लावल्याशिवाय तो वापरू नये. सिलिंडर उभा बांधून ठेवावा, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. आत पातळ वायू असेपर्यंत काटा जवळजवळ तेवढाच दाब दाखवतो, म्हणून किती उरला ते वजन करून ओळखावे. वायू गळला तर जमिनीलगत साचतो आणि माणूस गुदमरतो. त्याला वासही नसतो! म्हणून खोलीची दारे-खिडक्या उघड्या हव्यात. मुलांनी एकट्याने त्याला हात लावू नये.

फॅरडे प्रयोगाला भ्याले नाहीत, पण काळजी घ्यायलाही विसरले नाहीत. आपणही तसेच शिकूया.